औंदा किती?

पाडव्याच्या दिवशी सकाळी आमच्या नांदेडच्या घरी गुढीची काठी धुऊन होते, बायको साखरेच्या गाठींची माळ शोधत असते, तेवढ्यात फोन वाजतो. कोण आहे हे ती बघतसुद्धा नाही. "तुमचे घोडेवाले," एवढंच म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. पलीकडून नमस्कार नाही, खुशाली नाही, एकच प्रश्न येतो.

"डाक्टर, औंदा किती?"

किती म्हणजे किती शिंगरं. माणिकअण्णांच्या घोड्यांना या वर्षी किती पिल्लं होऊ द्यायची, हा तो प्रश्न. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. चाकूरला बदलून गेलो त्या वर्षापासून मी या प्रश्नाचं उत्तर देत आलो, आणि एक वर्ष सोडलं तर ते नेहमी एकच असायचं : दोन. अण्णांनी ते कधी ऐकलं नाही आणि कधी नाकारलंही नाही. ते "हाव" म्हणायचे, म्हणजे हो. माझे थोडे केस वयाने पांढरे झाले असतील, पण बाकीच्यांचा जिम्मा मी अण्णांवर टाकतो.

चाकूरपासून थोडं आत एका गावाला लागून त्यांचं शेत होतं. सोयाबीन, तूर, एका कोपऱ्यात ज्वारी, आणि या सगळ्याच्या मधोमध पत्र्याच्या शेडखाली बुटके घोडे. मोठ्या घोडीची पाठसुद्धा माझ्या कमरेच्या वर जायची नाही. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, ही सगळी पिल्लंच आहेत आणि यांच्या आया कुठंतरी चरायला गेल्यात. लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. अण्णा उलट्या घमेल्यावर बसून, खांद्यावरचा लाल रुमाल हातात घेऊन, प्रत्येकाला प्रत्येक शिंगराची आई कोण, बाप कोण, हे सांगायचे. बाप एकच होता, राजा (बाकीची नर शिंगरं मी लहानपणीच खच्ची करायचो), तरी ते प्रत्येक वेळी नव्याने सांगायचे.

अण्णांना अडचणीचा प्रश्न विचारला की ते उठून खरारा हातात घ्यायचे आणि जवळच्या घोडीला घासायला लागायचे. प्रश्न जितका अवघड, तितकी घोडी चकाचक. मैना त्यांच्या अगदी जवळ उभी राहायची, त्यामुळे ती जिल्ह्यातली सगळ्यात स्वच्छ घोडी होती.

या घोड्यांची सुरुवातही एका 'हाव'पासून झाली होती. अण्णा माळेगावच्या जत्रेत बैल आणायला गेले होते. बैल राहिला बाजूला, टेंपोत मैना आणि राजा घेऊन ते लोह्याला मोठ्या बहिणीकडे मुक्कामाला आले. या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. आई लवकर गेल्यावर तिनेच अण्णांना लहानाचं मोठं केलं. आक्कांनी दारात उभं राहून ती एवढीशी घोडी बघितली आणि म्हणाल्या, माणक्या, हिची लेक झाली की मला दे. अण्णा "हाव" म्हणाले. पुढच्या जत्रांतून अण्णांनी आणखी घोड्या आणल्या, त्यांना लेकीही झाल्या, पण मैनेने पिल्लं दिली ती सगळी नर. आक्का दर वर्षी विचारायच्या, अण्णा दर वर्षी हो म्हणायचे, आणि या एका वायद्यापायी मैनेची सुटका नव्हती.

आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. अण्णांकडे त्याच दिवशी घोड्यांचंही ठरायचं. गुढीसमोर अण्णा, त्यांच्या बायको म्हणजे काकू, सालगडी हणमंत आणि मी, असे आम्ही बसायचो. काकूंचं मत असायचं, एकही नको. हणमंत काही बोलायचा नाही, पण लीद कोण काढतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी माझं भाषण करायचो. शेडमध्ये जागा किती, उन्हाळ्यात बोअरला पाणी किती, कडबा किती पुरेल, तरण्या घोड्या कोणत्या, आणि म्हणून दोन. अण्णा मान हलवून प्रत्येकाला बरोबर हाय म्हणायचे. मग देव्हाऱ्यातून दोन सुपाऱ्या आणून गुढीपुढच्या तांब्याच्या ताटात ठेवायचे. ही त्यांची स्वतःची रीत होती. जितकी शिंगरं ठरली तितक्या सुपाऱ्या. शिंगरू ज्या घरी जाईल त्या घरी त्याच्यासोबत त्याची सुपारीही जायची, लेकीच्या लग्नात ठरवून द्यावी तशी.

पहिल्या वर्षी मी समाधानाने पुरणपोळी खाऊन गेलो. संध्याकाळी चष्मा विसरला म्हणून परत आलो तर ताटात सुपाऱ्या चार.

मी विचारलं, तर अण्णा खरारा घेऊन उठलेच. मग मैनेच्या पोटाकडे तोंड करून म्हणाले, "दोन पायजेत म्हून चार. समद्या घोड्या थोड्याच गाभन ठरत्यात? सोयाबीनचं बी टाकताना आपन जादा टाकतोच की. उगवलं न्हाई तर घोडीची दुबार पेरनी थोडीच करता येती?"

आता या माणसाला काय सांगायचं? त्यांची अर्धी हयात न उगवणाऱ्या सोयाबीनने बेजार केली होती. एका दाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या हाडात गेलं होतं. पण बियाणं त्यांना दगा द्यायचं तसा राजा कधी देत नव्हता. चार लावल्या, चार उगवल्या. पुढल्या वर्षी मी एक म्हणालो, म्हणजे दुप्पट करून तरी दोन होतील. अण्णांनी तीन ठेवल्या. एकच म्हणल्यावर लईच धोका वाटला, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

बरं, झालेली शिंगरं द्यावीत तरी. गिऱ्हाइकं भरपूर यायची. कुणाला फार्महाउसवर शोभेला पाहिजे असायचं, कुणाला नातवंडांसाठी. अण्णा सगळ्यांना हो म्हणायचे आणि मग मला मोटारसायकलवर मागे बसवून घर बघायला निघायचे. घर बघायला म्हणजे अगदी मुलीचा बाप जातो तसं. धुतलेले कपडे, नवीन टोपी.

शिरूर अनंतपाळला एका मंगल कार्यालयाच्या मालकाकडे आम्ही भर मे महिन्यात गेलो होतो. मोठा सज्जन माणूस. पोहे केले, सरबत केलं, शिंगरासाठी नवीन बांधलेली खोली दाखवली, पंखा सुरू करून दाखवला. लग्नाला आलेली लहान मुलं बसतील, फिरतील, असा त्यांचा बेत होता. अण्णांनी प्रत्येक गोष्टीचं तोंड भरून कौतुक केलं. कधी नेऊ, असं विचारल्यावर म्हणाले, कवाबी न्या, तुमचंच हाय. मालक इतके खूश झाले की आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आले. पहिलं वळण गेलं आणि अण्णांनी गाडी थांबवली.

"न्हाई जमायचं, डाक्टर."

मी उन्हात उतरून त्यांच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, ऊन लागलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तिथं रोज बँड वाजणार, शिंगरू भेदरंल. मग हे तिथंच का नाही सांगितलं?

"तोंडावर न्हाई कसं म्हनावं? त्यांनी पोहे केलते."

पुढे त्या मालकांचे फोन अण्णांनी घेतले नाहीत. ते सगळे मला आले. आज नेतो, उद्या नेतो, काही अडचण आहे का, शिंगरू आजारी आहे का, असे पावसाळा लागेपर्यंत ते विचारत राहिले आणि मी लस, ताप, दात, जे सुचेल ते सांगत राहिलो. शेवटी त्यांनी पांढरा ससा पाळला असं कळलं. अण्णांना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. ससा बरा, म्हणाले, त्याला बँडचं काही वाटत न्हाई. सशाबद्दलचं हे ज्ञान त्यांनी कुठून मिळवलं, मला ठाऊक नाही.

असं प्रत्येक घराचं व्हायचं. एका घराचं फाटक थेट हायवेवर उघडायचं. एका घरातल्या सुनेने शिंगराच्या आईचं नाव विचारलं नाही. न गेलेल्या शिंगरांच्या सुपाऱ्या देव्हाऱ्यात परत यायच्या. काकू म्हणायच्या, देवाला टेकायला जागा राहिली न्हाई, तो बी बाहेर शेडमंदी जाईल आता. शेड वाढत गेलं. हणमंतने एका पाडव्याला साल धरायला नकार दिला, आणि अण्णांनी त्याला दोन वेळा समजावून, तिसऱ्या वेळी एक शिंगरू देऊ करून ठेवून घेतलं. त्यानेही शिंगरू नेलं नाही. त्याला ते रोज भेटतच होतं.

इथपर्यंत सगळं चेष्टेवारी नेता येण्यासारखं होतं. मैनेचं तसं नव्हतं.

या बुटक्या घोड्यांचं बाळंतपण अवघड. आई लहान, पण पिल्लाचं डोकं त्या मानाने मोठं. घोडीचं वय वाढलं की धोका आणखी वाढतो. मी अण्णांना हे दर वर्षी सांगत होतो. मैनेला आता बस करा, आक्कांना दुसऱ्या घोडीची लेक द्या. आक्काला मैनीचीच पायजे, असं ते म्हणायचे. मग आक्कांना नाही म्हणा. यावर खरारा.

एका पहाटे काकूंचा फोन आला. मी पोचलो तेव्हा उजाडत होतं. मैना आडवी पडली होती, घामाने भिजली होती आणि पिल्लाची मान आत मागे वळलेली होती. अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी बराच वेळ झटलो. मान सरळ झाली, पिल्लू बाहेर आलं, पण त्यात जीव नव्हता. मादी होती. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका. आक्कांनी इतकी वर्षं मागितलेली मैनेची लेक.

अण्णांनी खांद्यावरचा लाल रुमाल तिच्यावर पांघरला. मैना वाचली, पण उठून उभी राहायला तिला दुपार झाली, आणि तोपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मला त्यांची दया आली होती आणि त्याहून जास्त राग आला होता. हात धुता धुता मी तो सगळा बाहेर काढला. पुढच्या खेपेला मैना मरेल, हे मी लिहून देतो, असं म्हणालो. तरण्या घोड्यांना वर्षाला दोन, फक्त दोन, हे जमत नसेल तर त्या राजाला खच्ची करून टाका एकदाचा, म्हणजे सगळे सुटतील. अण्णांनी मान वर केली.

"हाव," म्हणाले.

त्यानंतर माझी बदली झाली, तीही लोह्याला. आक्कांचं घर दवाखान्यापासून जवळ. पाडवा झाला आणि दोनच दिवसांत काकूंचा फोन. त्या सहसा रडत नाहीत, त्या दिवशी आवाज ओला होता.

"डाक्टर, ह्यांनी पुन्ना आक्काला शब्द दिला. मैनीच्या नावाची सुपारी ठिवली. मैना जाईल आन् तिच्यामागं हे बी जातील. तुमी कायतरी करा."

मी अण्णांना फोनवर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळ्याला हो म्हणाले. शेवटी मी म्हणालो, लोह्याला या, आक्कांसमोर बसा आणि तोंडाने 'नाही' हा शब्द उच्चारा. ते खरंच आले. दिवसभर आक्कांकडे बसले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, झालं बोलनं. मला शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या घरावरून गेलो, सहज विचारल्यासारखं विचारलं. अण्णांनी तीन वेळा चहा घेतला होता, अंगणातला पत्रा ठोकून दिला होता, तुरीच्या शेंगांवर बोलले होते. मैनेचं नावही काढलं नव्हतं. मी सांगू का, असं मी त्यांना फोन करून विचारलं, तर घाबरले. तुमी सांगितलं तर तिला वाटंल म्या तुमाला पाठवलं.

मी हात टेकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी म्हणालो, तुमची घोडी, तुमची बहीण, मला यापुढे फोन करू नका.

पंधराएक दिवसांनी ते दवाखान्याच्या दारात उभे. हातात पिशवी, डोक्यावर नवीन टोपी. घर बघायला जाताना घालायचे ती.

"केलं, डाक्टर. राजाला खच्ची केलं. नव्या डाक्टरांनी एका सकाळी करून टाकलं. तुमी नुसतं बोलून राहिले हुते."

राजासारखा नर आसपासच्या जिल्ह्यांत नव्हता. त्याची शिंगरं काटकुळी नसत, पायाने सरळ, स्वभावाने गरीब. वर्षाला दोन, तरण्या घोड्यांना, चांगल्या घरी; ही जात किती सुंदर चालली असती. मी दोन म्हणत आलो होतो. या माणसाला चार जमले, पाच जमले, आणि आता शून्य जमलं. दोन काही केल्या जमले नाहीत. मी ओरडलोच. खच्ची करा हे मी रागाने म्हणालो होतो, अण्णा. मैनेला नुसतं वेगळं बांधलं असतं तरी चाललं असतं.

ते बाकावर बसले. इथे घासायला घोडी नव्हती, म्हणून पिशवीचा बंद ओढत राहिले.

"राजा हाय तवर माज्या तोंडून हाव निगनारच. आक्का म्हनली तर मी मैनीला सोडनारच. मला माजा भरोसा न्हाई, डाक्टर. म्हून."

मग म्हणाले, आक्काकडं चला, आता तुमी सांगा.

आम्ही गेलो. आक्का ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी जमेल तितक्या हळूपणे सगळं सांगितलं. ती मेलेली लेक, मैनेचं वय, आणि राजाचं. आता मैनेची लेक कधीच येणार नाही, हेही सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच कुणी येडा आहे.

"मला शिंगरू? ह्या वयात? बांधू कुठं, चुलीपाशी?"

मग तुम्ही मागत का होता, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हे मला कबूल आहे.

"मागनं असलं की हा येतो. न्हाई झालं हे सांगाया तरी येतो. न्हाईतर शेत सोडून हा कवा बहिनीकडं आला अस्ता?"

मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस कपाळावर हात मारून घेईल. एका 'नाही'पायी त्यांनी राजा घालवला होता, आणि ते 'नाही' ऐकायला समोर कुणी बसलेलंच नव्हतं. अण्णा बशीतला चहा पीत होते. आक्कांनी लसणाची पाकळी खाली ठेवली.

"म्हंजी आता तू येनार न्हाईस?" त्या अण्णांना म्हणाल्या.

चहा संपवून अण्णांनी बशी धुतली, पालथी घातली, आणि मला म्हणाले, चला. रस्त्यात मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर तो शब्द चांगला नसता.

पुढे मी नांदेडला आलो. फोन मात्र पाडव्याला येत राहिला. औंदा किती? मी चिडून विचारायचो, अण्णा, आता कसलं किती? ते म्हणायचे, इचारायचं अस्तंय.

मागच्या पाडव्याला लातूरला एका लग्नाच्या बोलणीला जायचं होतं, म्हणून सकाळीच वाट वाकडी करून चाकूरला उतरलो. शेड तेच होतं, पण शांत. शिंगरं आता मोठी झाली होती. त्यांच्यामागे नवीन कुणी उड्या मारत नव्हतं. राजा लिंबाखाली जाडजूड होऊन उभा होता, एखाद्या निवृत्त मास्तरांसारखा. मैना थकलेली, डोळ्यांवर पांढरी झाक आलेली, पण जिवंत होती. काकूंनी मला पाटावर बसवलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं. मी गुढीकडे बघितलं. समोर तांब्याचं ताट होतं आणि ताटात एक सुपारी.

"ही कुणाची, अण्णा?"

अण्णा उठले, खरारा घेतला आणि मैनेला घासायला लागले.

"आक्काची. सकाळी फोन आलता तिचा. मैनीची लेक कवा देतोस म्हनली."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"हाव म्हनलो. पुडच्या आटवड्यात येतो म्हनलो, बोलू."

काकू आत गेल्या. मी राजाकडे बघितलं, मैनेकडे बघितलं, त्या सुपारीकडे बघितलं. इतकी वर्षं या घराने माझं डोकं तापवलं होतं, आणि आता ते तापेना. अण्णांनी मैनेच्या पाठीवरून वाकून, डोळा चुकवत विचारलं.

"डाक्टर, औंदा किती?"

"एक," मी म्हणालो.

"म्या बी तेच म्हनलो," असं म्हणून ते मैनेच्या दुसऱ्या बाजूला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा आकडा आणि त्यांच्या ताटातल्या सुपाऱ्या जुळल्या होत्या.